गेम चांगला, की नुसता देखणा? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: पैसे टाकण्याआधी, किंवा मुलाच्या हाती फोन देण्याआधी, गेमचा दर्जा ओळखायचा कसा? एकसारखी पत्रं एकत्र करून प्रश्न घेतले आहेत.

समीक्षकांनी एका गेमला शंभरापैकी ८६ गुण दिलेत, पण स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात त्याच्या नावाखाली ‘मिक्स्ड’ असं लिहिलंय. खरं कुणाचं मानायचं?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

दोघांचंही खरं असू शकतं, कारण हे आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. परीक्षणं एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरचा आकडा ही समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी असते. गेमसाठी तिथे ७५ आणि वर हिरवा, ५० ते ७४ पिवळा आणि त्याखाली लाल. स्टीमवर मात्र गुण नसतातच. तिथे प्रत्येक जण फक्त अंगठा वर करतो किंवा खाली, आणि ‘मिक्स्ड’चा अर्थ ४० ते ६९ टक्के अंगठे वर. शंभर जणांनी ‘बरा आहे’ म्हणून अंगठा वर केला तरी शंभर टक्के भरतात. उलट ‘गेम अप्रतिम, पण माझ्या लॅपटॉपवर चालत नाही’ म्हणणारे निम्मे निघाले की गाडी ‘मिक्स्ड’वर येते.

म्हणून पहिला प्रश्न: तो गेम कोणत्या यंत्रावर तपासला गेला? सायबरपंक २०७७ हे ठळक उदाहरण. १० डिसेंबर २०२०ला तो बाजारात आला तेव्हा आधी छापून आलेली परीक्षणं पीसीवरच्या आवृत्तीची होती. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर त्याची इतकी वाईट अवस्था होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. परत आला तो जून २०२१मध्ये. पीसीवरचे गुण खोटे नव्हते, तुमच्या यंत्राबद्दल ते काहीच सांगत नव्हते एवढंच.

दुसरी गोष्ट तारखेची. स्टीमवर ‘अलीकडची मतं’ म्हणजे साधारण गेल्या ३० दिवसांतली. एकूण मतांशेजारी ती वेगळी दिसतात. एकूण वाईट आणि अलीकडची चांगली असतील तर गेम दुरुस्त झालाय असं समजा. २०१६मध्ये शिव्या खाल्लेला नो मॅन्स स्काय वर्षानुवर्षं फुकट सुधारणा देत असाच वर आला. एकूण चांगली आणि अलीकडची वाईट असतील तर आलेख उघडून कोणत्या आठवड्यात घसरण झाली ते पाहा, आणि फक्त त्या आठवड्यातली मतं वाचा. कधी अपडेटने गेम बिघडलेला असतो. कधी राग कंपनीच्या एखाद्या निर्णयावर असतो आणि गेम होता तसाच असतो.

मत वाचताना लिहिणाऱ्याचे तास बघायला विसरू नका. ०.४ तास खेळून दिलेली शिवी बहुधा गेम सुरूच झाला नाही म्हणून असते. तुमच्यासारखंच ग्राफिक्स कार्ड असलेल्याची असेल तर ती लाखमोलाची.

स्टीमवर दोन तासांच्या आत गेम परत करता येतो. त्या दोन तासांत नेमकं काय तपासावं?
— वाचक, नागपूर

अट पूर्ण लक्षात ठेवा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी. घड्याळ गेम उघडला की सुरू होतं. मुख्य मेन्यूवर सोडून जेवायला गेलात तर तोही वेळ धरला जातो. सुरुवातीला शेडर (प्रकाश-सावल्या रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करत गेम पंधरा मिनिटं घेत असेल तर तीही गेली. त्यामुळे बसायच्या आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करून घ्या.

पहिली दहा मिनिटं फक्त सेटिंगमध्ये घालवा. बटणं बदलता येतात का, सबटायटलचा आकार वाढतो का, संगीत आणि संवादांचा आवाज वेगळा करता येतो का, कॅमेऱ्याचा हादरा बंद होतो का, फ्रेमची (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची) मर्यादा ठरवता येते का. हे पान नीट केलेलं असेल तर बनवणाऱ्यांनी गेम दुसऱ्यांच्या हाती देऊन पाहिलाय, असं आम्ही खुशाल धरतो. हा निकष क्वचितच फसतो.

मग फ्रेम. लोक सरासरी पाहतात आणि तिथेच गंडतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक. आता समजा, एका सेकंदात एकाच फ्रेमने १०० मिलिसेकंद खाल्ले आणि उरलेल्या ९००मध्ये ५४ फ्रेम वेळेवर आल्या. सरासरी ५५ दिसेल, म्हणजे कागदावर झकास. हाताला मात्र दर सेकंदाला ठेच लागेल. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या साधनात फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा आलेख लावा. रेषा सपाट हवी. सपाट ३० (दर ३३.३ मिलिसेकंदांना एक) हे ४० ते ६० दरम्यान नाचणाऱ्या आकड्यापेक्षा केव्हाही बरं. ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आला तो ३० फ्रेमवरच, आणि कोरोक जंगलात तेवढ्याही टिकत नव्हत्या. तरी तो उत्तम गेमच होता.

झटका बसला तर त्याच जागेवरून परत एकदा जा. दुसऱ्यांदा गेम अडखळला नाही तर शेडर पहिल्यांदा तयार होत होता. खेळत जाल तसं ते कमी होईल, पण नव्या भागात पुन्हा भेटेल. दर वेळी तिथेच अडखळत असेल तर चित्रांचा माल डिस्कवरून वेळेवर आत येत नाहीये. टेक्श्चरचा (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचा) दर्जा एक पायरी उतरवा, गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. तरीही तेच राहिलं तर परत करा.

बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतचा उशीर मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. फोनवर २४० फ्रेमचं स्लो मोशन लावा, अंगठा आणि पडदा दोन्ही चौकटीत घ्या आणि उडीचं बटण दाबा. बटण तळाला टेकल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद, २४ फ्रेम म्हणजे १००. पाच वेळा करून मधला आकडा घ्या. ६० फ्रेमच्या गेममध्ये शंभराच्या आत असेल तर छान. दीडशेच्या वर गेला की पात्र चिखलातून चालल्यासारखं वाटतं. टीव्हीवर खेळत असाल तर आधी गेम मोड लावा, नाहीतर टीव्हीचा दोष गेमच्या माथी माराल.

उड्या मारायच्या गेममध्ये आणखी एक परीक्षा आहे. धावत कड्यापर्यंत जा आणि बटण मुद्दाम किंचित उशिरा दाबा. २०१८च्या सेलेस्टमध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण दशांश सेकंद उडी मान्य होते, आणि जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटणही वाया जात नाही. खेळणाऱ्याला हे कळत नाही. गेम कठीण आहे पण अन्याय करत नाही, एवढंच जाणवतं. अशी सवलत नसलेल्या गेममध्ये माणूस स्वतःला दोष देत राहतो. अर्थात भयपटासारख्या गेममध्ये पात्र जड असणं हा हेतू असू शकतो. तिथे ही फूटपट्टी लावू नका.

त्यानंतर मुद्दाम मरा. मेल्यापासून पुन्हा ताबा हातात येईपर्यंतचे सेकंद मोजा. आधी पाहिलेला संवाद ओलांडता न येता परत ऐकावा लागत असेल तर हा छळ पुढे शेकडो वेळा होणार आहे. मग मधेच गेम बंद करून उघडा: किती मिनिटांची कमाई गेली? भिंतीला पाठ लावून कॅमेरा फिरवा: पडद्यावर नुसतं पात्राचं डोकं दिसतं का?

एक सावधगिरी. सुरुवातीचा भाग सगळ्यांत जास्त घासूनपुसून दिलेला असतो, कारण तोच सगळे बघतात. मधला भाग कसा आहे हे वीसपेक्षा जास्त तास खेळलेल्यांच्या मतांतूनच कळतं.

पिंग ४० दाखवतो, तरी समोरचे खेळाडू उड्या मारत सरकतात आणि गोळी लागत नाही. गेम खराब की नेट?
— वाचक, सातारा

पिंगचा (संदेश जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा) एकटा आकडा अपुरा आहे. तो सतत ४०च राहतो का, ते महत्त्वाचं. कमांड प्रॉम्प्टमधून आधी घरच्या राउटरला दोनशे वेळा पिंग करा. उत्तर १ ते ३ मिलिसेकंदांत यायला हवं. मधेच ७०-८०वर उडी मारत असेल तर दोष वायफायचा. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा सरळ केबल ओढा. मग बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळालाही तसंच पिंग करा. राउटर शांत आणि हा बाहेरचा पत्ता उड्या मारतोय तर घरात कुणाच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढतायत का ते पाहा. वर जाणारी वाट तुंबली की पिंग चढतो. कुणी काही चढवत नसतानाही उड्या चालू राहिल्या तर दोनशेपैकी किती उत्तरं हरवली ते टिपून नेटवाल्याला कळवा.

दोन्ही ठीक असतील तर मग गेमकडे बोट दाखवा. सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापूरला, हे निवडता येतं का? सेकंदाला किती वेळा तो जगाची स्थिती ताजी करतो? व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम १२८ वेळा करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांना. हरवलेल्या पॅकेटची (नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची) टक्केवारी पडद्यावर दाखवणारा गेम प्रामाणिक समजावा.

मुलगा ११ वर्षांचा आहे. फोनवर एक ‘मोफत’ गेम खेळतो, प्ले स्टोअरवर त्याला साडेचार तारे आहेत. दर्जा चांगला समजायचा का?
— पालक, नाशिक

ताऱ्यांवर जाऊ नका. बरेच गेम तारे मागतात ते मूल नुकतंच जिंकलेलं असताना, हरल्यावर नाही. त्यापेक्षा गेमच्या पानावर ‘अॅपमधील खरेदी’समोरची किंमत पाहा. ती प्रत्येक वस्तूमागे कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी दिलेली असते. वरचा आकडा हजारांत असेल तर गेमचा कणा दुकान आहे.

मग स्वतः तीन दिवस, एक रुपया न घालता खेळा. ‘आता थांबा किंवा पैसे द्या’ असं गेम पहिल्यांदा कधी म्हणतो ते टिपून ठेवा. पहिल्या दिवशी सगळं भराभर मिळतं, तिसऱ्या दिवशी हात आखडतो. ही घसरण जितकी तीव्र, तितका गेम पैशांसाठी बेतलेला. गेममध्ये किती प्रकारची नाणी आहेत तेही मोजा. रुपयांतून हिरे, हिऱ्यांतून तिकिटं, तिकिटांतून पेटी: प्रत्येक पायरीवर खर्चाचा अंदाज धूसर व्हावा म्हणूनच ही उतरंड असते. हिऱ्यांचा गठ्ठा ५००चा आणि वस्तू ६००ची, हा ठरवून केलेला हिशेब आहे.

पेटी उघडून नशिबाने वस्तू मिळणार असेल तर मुलाला गणित दाखवा. शक्यता १ टक्का असेल तर शंभर पेट्यांनंतर वस्तू नक्की मिळते, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण ३७ रिकाम्या हाताने उरतात. तीनशे उघडल्या तरी ५ उरतात. गेनशिन इम्पॅक्टमध्ये पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे; नव्वदाव्या खेपेला पंचतारांकित काहीतरी हमखास मिळतं, पण हवं तेच पात्र मिळेल याची हमी पहिल्यांदा नसते, दुसऱ्यांदा असते. नशीब सगळ्यात वाईट धरलं तर १८० खेपा, दर खेपेला १६० रत्नं, म्हणजे २८,८०० रत्नं. गठ्ठ्याची किंमत त्यातल्या रत्नांनी भागा, २८,८००ने गुणा आणि तो रुपयांतला आकडा घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. तरी हा गेम शक्यता छापतो आणि कमाल मर्यादा ठेवतो. तेही न करणारे गेम आहेत. ते सरळ काढून टाका.

ऑगस्ट २०२५च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद झाले. गेमच्या आतली ही खरेदी मात्र चालूच आहे, त्यामुळे कुलूप तुम्हालाच लावावं लागेल: प्ले स्टोअर, सेटिंग्ज, खरेदीची पडताळणी, ‘प्रत्येक खरेदीसाठी’. साठवलेलं कार्ड काढून टाका. वयाचं चिन्ह हे गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून मिळतं. त्याच्याजवळच खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का याची वेगळी ओळ असते. अकरा वर्षांच्या मुलासाठी ती ओळ वयाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची.

व्हीआर हेडसेट घ्यायचा विचार आहे, पण दुकानात पाच मिनिटांत गरगरलं. हेडसेट वाईट की गेम?
— वाचक, पुणे

बहुधा दुकानातली मांडणी. डोळे सांगतात ‘चाललोय’, आतला कान सांगतो ‘उभा आहेस’. या भांडणातून मळमळ येते. त्यात भिंगांमधलं अंतर तुमच्या बुबुळांमधल्या अंतराशी जुळलं नाही तर आणखी भर. क्वेस्ट २ या हेडसेटवर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा होत्या. आरशासमोर पट्टी धरून स्वतःचं अंतर आधी मोजा, मग भिंगं बसवा.

गेममध्ये तीन गोष्टी बघा. कंट्रोलरच्या काठीने सरकत चालण्याऐवजी टुणकन दुसऱ्या जागी जायची सोय आहे का. ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांत वळता येतं का. हालचालीत पडद्याच्या कडा काळ्या होतात का. फ्रेम चुकणं इथे माफ नाही. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेम असताना, प्रत्येक फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात, आणि डोकं हलवल्यापासून चित्र बदलेपर्यंत २०च्या आत हवं. सपाट पडद्यावर खपून जाणारा उशीर इथे पोटात जाणवतो. पहिले काही दिवस बसून, दहा-दहा मिनिटं. मळमळ सुरू होताच काढा. ‘सवय होईल’ म्हणत दामटलं की हेडसेट नुसता पाहूनही नकोसं होतं.

जग पटतं का, याची परीक्षा मात्र वेगळी. मेल स्लेटर या संशोधकाने २००९मध्ये त्याचे दोन भाग केले: मी त्या जागी आहे असं वाटणं, आणि इथे घडतंय ते खरं घडतंय असं वाटणं. पहिलं हेडसेटवर अवलंबून, दुसरं गेमवर. टेबलावरची बाटली उचलून टाका. पडली, आवाज झाला, शेजारच्या पात्राने मान वळवली तर दुसरं जमलंय. हात बाटलीतून आरपार गेला तर कितीही महागडा हेडसेट असो, जग तिथेच मोडतं.

दिसायला साधी असलेली काही आभासी जगं वीस-वीस वर्षं टिकतात आणि कोट्यवधी खर्चून केलेली ओस पडतात. मग जगाचा दर्जा कशात मोजायचा?
— प्राध्यापक, रत्नागिरी

चित्रात तर नाहीच. या जगांचा मूळपुरुष म्हणता येईल तो मड. १९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला, रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेला. त्यात एकही चित्र नव्हतं, नुसती वाक्यं. बार्टल यांनी १९९६मध्ये खेळणाऱ्यांचे चार स्वभाव मांडले: मिळवणारे, हिंडून शोधणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला त्रास देण्यात रमणारे. जगात या चौघांचा तोल लागतो. चौथे वाढले की तिसरे निघून जातात, आणि गप्पा संपल्या की मिळवलेलं दाखवायला कुणी उरत नाही.

आम्ही जग जोखतो ते बनवणाऱ्यांनी न ठरवलेलं काही घडल्यावर तिथे काय होतं यावर. १९९७च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये गवत, ससे, लांडगे अशी अन्नसाखळी योजली होती. खेळाडू आले आणि दिसेल ते जनावर मारत सुटले. नवे जन्मण्याआधीच जुने संपत. शेवटी ती साखळीच काढावी लागली. सप्टेंबर २००५मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हक्कार नावाच्या राक्षसाचा ‘दूषित रक्ता’चा शाप फक्त त्याच्या देवळापुरता असायला हवा होता. पाळीव प्राण्यांना तो लागला, प्राणी मालकांनी परत बोलावून ठेवले आणि नंतर शहरात काढले तेव्हा रोग त्यांच्याबरोबर बाहेर आला. दुबळी पात्रं धडाधड मरू लागली. काही खेळाडू इतरांना बरं करायला धावले, काही गावाबाहेर पळाले, काहींनी मुद्दाम रोग पसरवला. साथरोगांच्या अभ्यासकांनी त्यावर २००७मध्ये लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेसमध्ये लेख लिहिला. कंपनीच्या दृष्टीने ही चूक होती, पण जग म्हणून पाहिलं तर तिथे माणसं वागत होती.

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला गेम २००३पासून चालू आहे. चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर तिथे सगळे एकाच विश्वात असतात. हजारो जहाजं एका ठिकाणी भिडली की सर्व्हर कोसळू नये म्हणून त्या भागातला काळच मंद केला जातो, अगदी दहा टक्के वेगापर्यंत. जानेवारी २०१४मधली मोठी लढाई सुमारे २१ तास चालली, आणि ठिणगी पडली ती एका प्रदेशाचं भाडं वेळेवर न भरल्यामुळे. हरवलेलं जहाज परत मिळत नाही, म्हणून तिथे कृतीला वजन आहे.

एखादं जग स्वतः तपासायचं तर नवं खातं उघडून आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी आणि शनिवारी रात्री जा. दोन्ही वेळी गावाच्या चौकात किती जण आहेत? नवख्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं का, की टिंगल होते? बाजारात लोखंडासारख्या साध्या मालाचा भाव पंधरा दिवस टिपा. तो नुसता चढत असेल तर जगात पैसा ओतला जातोय आणि शोषला जात नाहीये. दुरुस्ती, कर, झीज अशी पैसे जिरवणारी भोकं हवीत, नाहीतर नवा माणूस कायमचा मागे राहतो. त्रास देणाऱ्याला गप्प करायला किती क्लिक लागतात? दोनच्या वर लागत असतील तर ती सोय नावापुरतीच आहे.

आता काही गेम हिंदी-मराठीतही येतात. भाषा नीट बसवली आहे का, हे पटकन कसं कळेल?
— वाचक, पणजी

‘शक्ती’, ‘कित्येक’, ‘प्रार्थना’, ‘दुसऱ्या’ असे शब्द पडद्यावर शोधा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली असेल, जोडाक्षर फुटून पाय मोडलेला दिसत असेल, तर अक्षरं जुळवणारी यंत्रणा गेममध्ये नाही. संगणक वेलांटी व्यंजनानंतर साठवतो आणि ती आधी काढण्याचं काम त्या यंत्रणेचं असतं. अनरिअल या गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये ती आहे. युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात देवनागरीसाठी वेगळी तजवीज करावी लागते आणि घाईत ती राहून जाते. मग बटणं पाहा: ‘ऊर्जा’चा रफार वरून कापला गेलाय का, उकार खालून गायब आहेत का? इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत आपली ओळ मावत नाही.

शेवटी वेगवेगळ्या वस्तू उचला. ‘तलवार मिळाला’, ‘ढाल मिळाला’, ‘बाण मिळाला’ असं दिसलं तर वाक्य एकच ठेवून त्यात नाम कोंबलंय. भाषांतर करणाऱ्याला वाक्यांची यादी मिळाली असेल, गेम खेळायला मिळाला नसेल. त्या जागेचा स्क्रीनशॉट बनवणाऱ्यांना पाठवा. लहान चमू असेल तर पुढच्या अपडेटमध्ये सुधारणा होण्याची शक्यता असते.